एकाच्या जागी दोन कोकरं

माझ्या मामांची मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाची वाट धरायची, पावसाच्या तोंडावर परत फलटणकडं. दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं झालं की वाड्यावरच्या, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावरच्या बाया नवलानं बघायला यायच्या.

त्याच फलटणमध्ये बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढ्या आणल्या. अंगानं अगदी लहान, पण जुळी-तिळी देणाऱ्या. हा गुण एकाच जनुकाचा. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्यांबरोबर तो जहाजानं ऑस्ट्रेलियालाही पोचला होता!

पण आपल्या माळावर एवढ्याशा मेंढीचं काय करणार? म्हणून दख्खनीशी संकर, त्यातून निवडलेल्यांचा पुन्हा दख्खनीशी संकर, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. खरी अडचण नराची. त्याच्यात तो गुण आहे की नाही हे बघून कळत नाही, त्याच्या लेकी विण्याची वाट बघावी लागते. पुढं रक्ताच्या नमुन्यावरून जनुक ओळखता येऊ लागलं. त्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ होते. प्लास्टिक आणि औषधांच्या रसायनांवर काम करणारी प्रयोगशाळा धनगराच्या वाड्याला अशी उपयोगी पडली, याचं मला फार अप्रूप आहे. यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी उभी राहिली.

आणि काम गोठ्यात संपलं नाही. जनुक असलेले नर धनगरांच्या कळपांत गेले. जुळ्यांना आईचं दूध पुरतं का, चालत्या वाड्यात दोन्ही जगतात का, हे तिथंच जाऊन बघावं लागलं. मेंढी तीच, चराईचं रान तेच, आणि विकायला एक कोकरू जास्त. ज्याच्याकडं जमिनीचा तुकडा नाही, त्याच्या घरात ते पैसे म्हणजे पोरीच्या शाळेची फी असते.

म्हणून 'नॉलेज सेंटर' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती दाखवतात, तेव्हा माझा जीव तुटतो. तीन वर्षांचा प्रकल्प, अहवाल, समारोप. मेंढीच्या तीन पिढ्यासुद्धा त्यात नीट बघून होत नाहीत. अशा संस्थांना वीस-वीस वर्षांचा पैसा द्या, आणि तो तालुक्याच्या गावी द्या, जिथं मेंढपाळ सकाळी आजारी कोकरू खांद्यावर घेऊन थेट दारात येऊ शकतो.