मे महिन्याची वाट बघू नका, चैत्रात या

मार्च संपत आला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मे महिन्यात येतोय, आंबे ठेवा." आंबे ठेवूच. पण यंदा सगळ्यांना मनापासून सांगायचंय, मुलांना कोकण दाखवायचं असेल तर मे म्हणजे उशीर झाला. चैत्रात या. पाडव्याला जोडून या, रामनवमीला या, गुड फ्रायडेची सुट्टी धरून या. दोन दिवस मिळाले तरी या.

हापूससाठी मे खरा, हे मान्य. करवंदं, जांभळंही तेव्हाचीच. पण तोवर आमच्या वेंगुर्ले-शिरोड्याकडचं निम्मं वैभव संपलेलं असतं. सुरंगीचा बहर गेलेला असतो. ओले काजूगर संपून बियांची पोती भरलेली असतात. कासवांची बहुतेक पिल्लं समुद्रात पोचलेली असतात. उकाडा असा की दुपारी पंख्याखालीसुद्धा मुलं चिडचिडी होतात, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.

सुरंगी तर मुंबईच्या किती मुलांनी पाहिली असेल? आरवली, शिरोडा, आसोली या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चपासून तिचा बहर असतो. ही फुलं जुन्या फांद्यांना अगदी अंगालगत घोसांनी येतात. पांढऱ्या पाकळ्या, आत पिवळेधमक केसर. पण वळेसार, म्हणजे सुरंगीचा गजरा, करायचा तर फूल उमलण्याआधी कळे काढावे लागतात, म्हणून घरातली माणसं उजाडायच्या आधी झाडाखाली हजर. कोणी वर चढतं, कोणी खाली जुनं लुगडं पसरतं. सूर्य वर आला की कळे फुलू लागतात आणि मधमाश्या झाड ताब्यात घेतात.

भावाची मुलगी ठाण्याला असते. तिथे तिला शाळेसाठी उठवताना घर डोक्यावर घ्यावं लागतं. सुरंगीसाठी मात्र ती माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, आधी ओटीवर येऊन बसली होती. आई तिला सारखी बजावत होती, "सावकास गो बाय, कळे मोडतले." मग दोघींनी बसून वळेसार ओवला. त्या पोरीला कोणी काही शिकवायला बसलं नव्हतं. आजीच्या हाताकडे बघत बघत तिला जमलं. सुट्टीतल्या शिबिरांचे पैसे भरणाऱ्या आईवडिलांना मी नावं ठेवत नाही, शहरात दोघंही नोकरीला असतात, मुलांना ठेवणार कुठे? पण ज्यांचं गावात घर आहे, घरात आजी आहे, त्यांनी आजीच्या वाट्याला चैत्रातले दोन दिवस तरी द्यावेत असं मला फार वाटतं. आजी मे महिन्यातही असतेच, पण तेव्हा ती वीस माणसांच्या जेवणात अडकलेली असते.

परड्यात इतरही कामं असतात आणि मुलांना ती कामं वाटतच नाहीत. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या गोळा करायच्या, दुपारी त्यांचं पन्हं. फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, काढून तिची भाजी. ओले काजूगर सोलणं मात्र मोठ्यांनीच करावं, सालीतल्या चिकाने कातडी भाजते. बायकांची बोटं या दिवसांत काळी पडलेली असतात, म्हणून बाजारात काजूगरांचा भाव ऐकून घासाघीस करू नये. त्या उसळीमागे कुणाचे तरी हात भाजलेले असतात.

आता समुद्र. आमच्याकडे समुद्रावर जायचं ते घड्याळ बघून नाही, तिथी बघून. हिशेब सोपा आहे, मुलांनाही येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तो भरतीचा ढोबळ तास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकराला भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाडव्याला दुपारी पाऊणच्या सुमारास भरती आली की संध्याकाळी पावणेसातला पाणी तळाला. आमच्या बाजूला ते त्याच्या थोडं आधीच ओसरतं, तेव्हा तासाभराची सूट ठेवा. पाडवा अमावास्येला लागून येतो, म्हणजे पाणी उधाणाचं, चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. त्यात मार्चअखेरीला दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास उधाणं अधिक जोराची. त्यामुळे पाडव्याच्या संध्याकाळी शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्याला जी पुळण उघडी पडते ती बघावी. मुलं पळून पळून दमतात तरी पाणी लांबच. रामनवमीला उलट. भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी, आणि संध्याकाळी पावणेसातला भरती. त्या दिवशी सुरूच्या बनात सावलीला बसून डबा खावा.

उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी बायका तिसरे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला उतरतात. मुलांना त्यांच्या मागे जाऊ द्या, पण आधी विचारून आणि घरातलं मोठं माणूस बरोबर ठेवून. चिखलात हात घालून शिंपला सापडला की पोराचा जो चेहरा होतो, तो मी बनाना राइडवरून उतरणाऱ्या पोराचा कधी पाहिला नाही. आणि जे काढलं तेच रात्री ताटात येतं.

शिरोड्याची मिठागरंही याच दिवसांत भरात असतात. भरतीचं पाणी आत घेतात, उथळ वाफ्यांत खेळवतात, ऊन आणि वारा ते आटवतात आणि तळाशी मीठ धरतं. मुलांना भूगोलातलं बाष्पीभवन इथे पायाखाली दिसतं. मे १९३० मध्ये इथेच मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. वाफ्याच्या कडेला उभं राहून हे सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकतात. फक्त कामगारांच्या वाटेत येऊ नका आणि वाफ्यात पाय घालू नका.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. गावातली माणसं घरटी राखतात आणि पिल्लं सकाळी किंवा संध्याकाळी ऊन नसताना सोडतात. तुम्ही जाल त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही. निघाली तर दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश मारू नका आणि पिल्लू हातात मागू नका. सेल्फीसाठी तिथे हट्ट करणारी मोठी माणसं बघितली की मला राग येतो. त्यांच्याच शेजारी त्यांची मुलं शहाण्यासारखी उभी असतात.

बंद घरांविषयीही थोडं. पाडव्याला घर उघडायचं असेल तर आठ दिवस आधी शेजारी फोन करा, विहीर, पंप, वीज बघून ठेवतील. आणि जागा साफ करायला माणूस लावाल तेव्हा सुरंगीचं झाड दाखवून ठेवा, नाहीतर जंगली म्हणून ते आधी पडतं. गेल्या काही वर्षांत प्लॉट पाडताना अशी किती झाडं गेली. नवीन लावलं तर फूल बघायला वर्षांमागून वर्षं थांबावं लागतं.

येताना मुलांचे जुने कपडे आणा. काजूचे बोंडू खाताना रस अंगावर ओघळणारच, आणि ते डाग कशानेही जात नाहीत.