कार्पेट किती?

रविवारी नवऱ्याचा मित्र त्याच्या पार्ल्याच्या मामांना ‘सहज दहा मिनिटं’ म्हणून घेऊन आला, आणि सोमवारी सकाळी आमच्या नळातून फक्त हवा आली.

आम्ही दोघं गेटवेसमोर मूरिंगला, म्हणजे समुद्रतळाशी साखळीने जखडलेल्या बोयाला, बांधलेल्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. का राहतो, हे माझ्या सासूबाईंनाही पटवता आलेलं नाही, तेव्हा ते सोडा.

मामा बूट न काढता डेकवर चढले, डोलकाठीला धरून श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, ‘‘कार्पेट किती?’’

त्याने लांबी-रुंदी सांगितली. मामांनी मनात गुणाकार केला. ‘‘पुढचं निमुळतं धरू नका. अडीचशे फूट. फेसिंग?’’

‘‘भरतीला एक, ओहोटीला दुसरं,’’ मी म्हटलं. थट्टा नव्हती. मूरिंगवरची बोट प्रवाहाबरोबर तोंड फिरवते. नाश्त्याला खिडकीत ताज असतं, जेवताना घारापुरी.

‘‘म्हणजे वास्तू बघून घेतलेली नाही,’’ मामा नवऱ्यालाच म्हणाले. ‘‘मेंटेनन्स?’’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इंजिन, शिडं आणि हिशेब माझ्याकडे असतात, त्याच्याकडे पोहे. मामांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा म्हणाले, ‘‘सूनबाई, चहा चालेल हं.’’ मग त्यांनी विषय काढला कमांडर दिलीप दोंद्यांचा. ‘‘२००९-१० साली ते एकटे शिडावर जग फिरून मुंबईत परत आले. तुम्ही अजून गेटवेलाच?’’

दोंद्यांच्या ‘म्हादेई’वर भर समुद्रात रविवारचे पाहुणे येत नव्हते. हे मी बोलले नाही, चहा ओतला.

नंतर मामा संडासात गेले. हातपंप किती वेळा मारायचा, कुठला खटका आधी, सगळं समजावलं होतं. पण पंपाच्या खडखडाटाऐवजी गोड्या पाण्याच्या मोटरची घुरघुर ऐकू आली. थांबेना. नवरा दारावर टकटक करायला संकोचला, कारण पाहुणा. मामा केस पुसत बाहेर आले, माझ्या टॉवेलने.

‘‘अंगाला मीठ लागलं होतं हो. प्रेशर मात्र कमी आहे तुमच्याकडे.’’

मामा, ते पाणी मी वाहून आणते. वीस-वीस लिटरचे कॅन धक्क्यावर भरायचे, डिंगीत, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीत, उतरवायचे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाणी चार मीटरहून जास्त खालीवर होतं, म्हणजे ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कॅन घेऊन उतरणं आलं. आणि नेमका कॅन वर घेताना घारापुरीची लाँच जाते, तिच्या लाटेने अर्धं पाणी पुन्हा समुद्रात. बोटीवरच्या संसाराची पुस्तकं सांगतात, भांडी समुद्राच्या पाण्यात विसळा. लिहिणाऱ्यांनी मुंबई बंदरातलं पाणी पाहिलेलं दिसत नाही.

कोचीला बोलगट्टी बेटावर मरीना आहे. तिथे बोट धक्क्याला लावता येते. इथे तिन्ही बाजूंना समुद्र आणि नळाला बोट टेकवायला जागा नाही. जूनच्या आधी तर पावसाळ्यासाठी बोटच उचलून जमिनीवर ठेवायची. हे मामांना कोण सांगणार? त्यांचा भाचासुद्धा नाही. आमच्या जमिनीवरच्या मित्रमंडळींचं असंच आहे. एरवी वाढदिवसालाही फोन नाही, पण कुणाकडे अमेरिकेचे पाहुणे आले की, ‘‘अगं, बोट मोकळी आहे ना?’’ बोट कशी मोकळी असेल? माझी अंतर्वस्त्रं वाळत असतात तिच्यावर.

आमच्या शेजारच्या मूरिंगवर एक फ्रेंच जोडपं होतं. बोटीवाल्यांत आडनावं कुणी विचारत नाही, बोटीच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे त्यांचं आडनाव मला आजही ठाऊक नाही. मला ताप असताना ती बाई न सांगता दोन भरलेले कॅन ठेवून गेली. ईशान्येचा वारा धरून ती दोघं ओमानला निघाली, तेव्हा मी रडले होते. मामा गेले तेव्हा डेक पुसला.

काल रात्री मित्राचा मेसेज आला. मामांना फार आवडलं, येत्या रविवारी मामींनाही आणतोय, त्यांना बोट लागते तर पाणी शांत असेल अशी वेळ कळव.

मी लगेच कळवलं: सकाळी आठ. माणशी एक कॅन, भरलेला.

दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.