हार्मोनच्या इंजेक्शनवरचा तो फॉरवर्ड आणि माझा अडीच वर्षांचा घाम

आमचा नेहरू पार्कात सकाळी फिरणाऱ्या रिटायर्ड लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात परवा तोच मेसेज चौथ्यांदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोस्टेट कॅन्सरचं हार्मोन इंजेक्शन हा धंदा आहे, त्याने पुरुष आतून संपतो, त्रासावर डॉक्टरांकडे काही उपाय नसतो, घाम येतो म्हणजे विष निघतंय तर येऊ द्या, हाडं ठिसूळ होतात म्हणून फिरणं-व्यायाम बंद करा, आणि पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची तपासणी) शून्याजवळ आला की इंजेक्शन सोडून अश्वगंधा-शिलाजीतने ताकद परत आणा. खाली हात जोडलेले तीन आणि "दहा जणांना पाठवा".

मी अडीच वर्षं दर तीन महिन्यांनी हे इंजेक्शन घेऊन राहिलोय, सोबत रेडिएशनही झालं. डॉक्टर नाहीये मी, पण हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी तो खरा मानला होता आणि त्यात माझे आठ महिने वाया गेले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हा धंदा आहे." इंजेक्शन महाग आहे हे मान्य, बिल मीच भरतो. पण प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर वाढतो हे शिकागोच्या डॉक्टर चार्ल्स हगिन्सनी १९४१ मध्ये दाखवलं, तेव्हा ही इंजेक्शनं नव्हतीच, अंडकोष काढायचे. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ते ऑपरेशन आजही होतं, एकदाच करायचं, खर्च कमी, आणि पुष्कळ लोक तेच निवडतात. मला पण डॉक्टरांनी आधी दोन्ही पर्याय सांगितले होते. आणि यातली खरी गोष्ट ही की ऑपरेशन करा नाहीतर इंजेक्शन घ्या, त्रास जवळजवळ तेच होतात, कारण त्रास औषधाच्या विषाने होत नाही, टेस्टोस्टेरॉन खाली गेल्याने होतो, आणि ते खाली न्यायचंच तर असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की मेसेजमधलं अर्धं आपोआप गळून पडतं.

"घाम म्हणजे विष निघतंय." मागच्या जानेवारीत इंदूरचा पारा आठ-नऊवर, घरातले सगळे रजईत, आणि मी बनियनवर पंखा फुल करून बसलेलो. छातीतून एकदम भट्टी पेटल्यासारखं वर चढतं, चेहरा लाल, मान ओली, पाच-सात मिनिटं, आणि मग थंडी वाजते. बायको म्हणाली, "आता कळलं आम्हाला पन्नाशीत काय होत होतं?" बरोबर बोलली, गोष्ट तीच आहे. हार्मोन पडलं की मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा हळवी होते, जरा इकडेतिकडे झालं की तिला वाटतं शरीर तापलंय, लगेच घाम सोडा. विषबिष काही नाही.

आणि उपाय आहे. मी पंधरा दिवस डायरीत लिहिलं की कधी येतो, तर दोन गोष्टी सापडल्या, गरमागरम चहा आणि पोह्यांवरचं जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. इंदूरच्या माणसाला जीरावन सोडायला सांगणं म्हणजे काय ते इथलेच लोक समजतील भिया, पण सोडलं. सुती कपडे, उशाशी ओला नॅपकिन, चहा कोमट. तरी रात्री तीन-तीनदा उठत होतो, मग शेवटी डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले एवढे दिवस बोलला का नाहीत. यावर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं, काहींना व्हेनलाफॅक्सिनसारखी गोळी कमी डोसमध्ये देतात, कुणाला कुठली चालेल ते बीपी, हार्ट, बाकीच्या गोळ्या बघून तेच ठरवतात. मला एक सुरू केली, घाम पूर्ण गेला नाही पण आता रात्री एकदाच उठतो. फक्त घामाबरोबर ताप असेल किंवा वजन उतरत असेल तर ते हार्मोनच्या खात्यात टाकू नका, लगेच दाखवा.

"हाडं ठिसूळ होतात म्हणून आराम करा." पहिला भाग खरा, दुसरा उलटा. हाडांची घनता कमी होते आणि स्नायू पण जातात, मग पडलात की मोडतं. बसून राहिलं तर दोन्ही आणखी लवकर जातात. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये हार्मोन घेणाऱ्या पुरुषांना आठवड्यातून किमान दोनदा, बारा आठवडे, कुणाच्या देखरेखीखाली वजनाचे आणि दमाचे व्यायाम करवा असं लिहिलंय, ते मुख्यतः थकव्यासाठी. माझा अनुभव सांगतो, नुसतं पार्कात गप्पा मारत तीन चक्कर मारल्याने काही फरक पडला नाही, फिजिओकडे जाऊन रबरी पट्टा ओढायला लागलो, खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं सुरू केलं तेव्हा दुपारचा तो मेलेला थकवा कमी झाला. कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून, कुठलं वजन उचलायचं आणि कुठलं नाही ते. बाकी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम. आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर त्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या, दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या, नंतर जबड्याचं हाड भरत नाही असा एक दुर्मिळ पण वाईट प्रकार होतो.

"पीएसए शून्य आला की सोडा." अरे पण तो इंजेक्शनमुळेच खाली आहे ना! मध्येमध्ये थांबून देण्याची पद्धत आहे, खोटं नाही, पण ती डॉक्टर पीएसए मोजत मोजत करतात आणि सगळ्यांना नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये ती सलग उपचाराइतकीच चांगली आहे हे २०१३ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सिद्ध झालं नाही. माझ्यासारख्या रेडिएशनवाल्याला दीड ते तीन वर्षं अशी मुदतच ठरलेली असते.

अश्वगंधा-शिलाजीतवर जास्त बोलत नाही. इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन पाडायला आणि ही चूर्णं विकतात तेच वाढवायच्या नावाने. म्हणजे नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचा व्हॉल्व बंद करायचा आणि बोरिंगची मोटर चालू ठेवायची. घेतच असाल तर डब्बा उचलून डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

आता "पुरुष आतून संपतो". इथे मी हसणार नाही. इच्छा जाते, बहुतेकांची जाते, आणि ताठरता पण. हे आधी स्पष्ट सांगायला पाहिजे, मला धड कुणी सांगितलं नव्हतं. अंगावरचे केस विरळ होतात, छातीला थोडी सूज-दुखणं येऊ शकतं, ते इंजेक्शनऐवजी नुसत्या बायकॅल्युटामाइडच्या (टेस्टोस्टेरॉनचं काम अडवणाऱ्या) गोळीवर असणाऱ्यांना जास्त, त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेन किंवा छातीला थोडं रेडिएशन असे उपाय आहेत. आवाज बायकी होत नाही, एकदा फुटलेला आवाज परत जात नाही. पण डोळ्यांत पाणी पटकन येतं. नातवाच्या गॅदरिंगमध्ये तो झाड झाला होता, नुसतं झाड, एक डायलॉग नाही, आणि मी रडलो. चिडचिड वेगळी. काहींना खरं डिप्रेशन येतं, त्यालाही औषध आहे आणि ते पण साइड इफेक्टच्याच यादीत धरून सांगायचं असतं.

घामामुळे मी हॉलमध्ये झोपायला लागलो होतो, म्हटलं हिची झोप कशाला मोडायची. सहा महिन्यांनी ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर नाराज आहात, म्हणून खाट बाहेर नेली." मी सांगितलंच नव्हतं ना काही. लाज वाटत होती. आता खोलीत दोन पंखे आहेत, तिच्या बाजूचा बंद. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे ती आत आली आणि जे मला विचारता येत नव्हतं ते तिनेच विचारलं. ताठरतेसाठी गोळ्या, पंप असं काय काय असतं, इच्छाच नसताना गोळीचा किती उपयोग, इंजेक्शन थांबल्यावर काय. तर टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात, वय जास्त असेल तर पूर्ण येईलच असं नाही. ऐकायला बरं नाही वाटलं, पण आठ महिने मनात जे रंगवत होतो त्यापेक्षा बरंच होतं.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच आणि ती मात्र जपायची आहे. पोट सुटतं, शुगर आणि कोलेस्टेरॉल वाढतं, हार्टचा धोका वाढू शकतो, अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०१० मध्ये या इंजेक्शनांवर डायबिटीस आणि हार्टची सूचना छापायला लावली. आधी अटॅक येऊन गेला असेल तर इंजेक्शन निवडायच्या आधीच सांगा. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, दर तीन-चार महिन्यांनी होतं, बेल्ट दोन भोकं बाहेर गेला होता तो एक भोक आत आलाय. रविवारी छप्पनला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, पोहे चालू आहेत, जिलेबी अर्धी, ती पण बायको तोडून देते.