शेप्या आणि 1620 चा ट्युलिप

"रायवळला विचारतो कोण?" माझ्या चुलतभावाचं हे वाक्य तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये. राजापूरला आमच्या घरामागे तीन जुने रायवळ आंबे आहेत. ते तोडून तिथे हापूसची कलमं लावायचं घाटतंय. लाकूडवाला येऊन झाडं बघूनही गेला. मी इथून, इंग्लंडमधून, नको म्हटलं, तर दादा म्हणाला, "स्विंडनला बसून झाडं वाचवता येत नाहीत."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी विल्टशायरमधल्या एका खाजगी बागेत गेले, ती हा राग घेऊनच. अशा बागा लोकांसाठी कधी खुल्या असतात ते सांगणाऱ्या पिवळ्या पुस्तिकेत तारीख होती. शेतात गाडी लावली, दारात टेबलावर पैसे दिले आणि आत शिरले. वाफ्यांत जुने ट्युलिप: 1620 पासूनचा म्हणून सांगतात तो गुलाबी-सायीच्या रंगाचा 'झोमरशून', आणि पिवळ्यावर तपकिरी ज्वाळा उठलेला 1780 चा 'अब्सालॉन'. आज या फुलांना फारसा बाजार नाही. त्या ज्वाळा म्हणजे रोग आहे. मावा एका कंदातून दुसऱ्यात विषाणू नेतो आणि रंग फुटतो. हॉलंडमध्ये 1637 च्या फेब्रुवारीत कोसळलेला कंदांचा सट्टा अशाच फुलांवर चालला होता. रंग कशाने फुटतो ते डोरोथी केली या संशोधक बाईंनी दाखवून दिलं, तेव्हा 1928 साल उजाडलं होतं. विषाणूने कंद अशक्त होतो, पिल्लं कमी देतो. तरी दर वर्षी कोणीतरी ते उकरतं, पिल्लं वेगळी करतं, शरद ऋतूत पुन्हा लावतं. असं चारशे वर्षं. हे काम श्रीमंतांनीच केलं असंही नाही. उत्तर इंग्लंडमधल्या वेकफील्डची ट्युलिप सोसायटी 1836 ची, आणि तिथे ही फुलं जोपासणाऱ्यांत बूट शिवणारे कारागीर होते. अजूनही मे महिन्यातल्या प्रदर्शनात सोसायटीचे लोक फुलं बिअरच्या बाटल्यांत मांडतात.

दादा, त्यांना तरी कोण विचारतं?

मला आणखी एक गोष्ट बोचते. ट्युलिपचं पिल्लू काय, हापूसचं कलम काय, दोन्ही मूळ झाडाचाच तुकडा. एक गेलं तर दुसरीकडे तेच असतं. रायवळ कोयीतून उगवलेला, म्हणून प्रत्येक झाड एकुलतं एक. त्या तिघांतल्या आमच्या शेप्याला शेपूचा वास येतो. आजी त्याचं सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याचं कालवण, करायची, आणि कोय चोखताना कोपरापर्यंत ओघळ यायचे. ते झाड पडलं की ती चव जगातून गेली. सट्ट्यातला सर्वांत नावाजलेला 'सेम्पर ऑगस्टस' आज फक्त चित्रांत उरलाय, तशी. फक्त शेप्याचं चित्रही कोणी काढलेलं नाही.

हे सगळं मी दादाला लिहिलं. बागेतले फोटोही पाठवले. त्याने एवढंच विचारलं, "तू शेप्या शेवटचा कधी खाल्लास?"

अकरा वर्षं झाली. मुलांच्या शाळा जुलैत सुटतात. आम्ही पोचतो तेव्हा आंबा संपलेला असतो. खरं म्हणजे एकटीने मे महिन्यात जाता आलं असतं, मी गेले नाही. दगडी गडग्याची डागडुजी, रान काढणं, माकडं हाकणं, म्हातारे काका, सगळं दादा बघतो. आणि मी फोनवर 'आपली झाडं' म्हणते. त्या बागेतही केक खात मी एका आजींना सांगत होते, "आमच्याकडे असे आंबे आहेत." 'आमच्याकडे' म्हणताना घसा दाटला. माझा कोणता पत्ता मी त्यांना सांगत होते?

तरी झाडं तोडू नयेत, हे माझं मत कायम आहे. काल दादाला सुचवलं, शेप्याच्या काड्या काढून पावसाच्या तोंडावर कोय कलमं बांध, खर्च मी देते. रात्री त्याचं उत्तर आलं: "काड्या देतो, कलमंही बांधतो. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते सांग."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या मे महिन्याची तिकिटं बघतेय.