पोटात लाल असलेला निळा

आम्ही शाळेत होतो तेव्हा शाईला रंग नसायचा, हुद्दा असायचा. निळी पोरांची, लाल बाईंची आणि हिरवी साहेबांची. काळी नक्की कुणाची ते ठरलेलं नव्हतं, पण काळ्या शाईने लिहिणारा मुलगा पुढेमागे वकील होणार असं घरचे धरून चालत. ही वाटणी काही आमच्या शाळेपुरती नव्हती. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेतही नोंद आहे की हिरवी किंवा लाल शाई सहसचिव आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनीच वापरावी, तीही क्वचित. म्हणजे हिरव्या बाटलीचं झाकण फिरवायला आधी यूपीएससी पास व्हायला हवं. मला ती कुरियरवाल्याने ओटीपी विचारून दिली.

ती एकटी आली नाही. एवढ्या लांबून मागवायची तर एकच कशाला, म्हणून तिच्यासोबत काही निळ्या आल्या. सध्या जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग बाटल्यांनी व्यापलाय आणि मी रंगांची तुलना करतोय. उरलेल्या निम्म्यावर घरातले जेवतात आणि माझ्याकडे बघतात.

"अरे, आमच्या वेळी शाईची पुडी आणायची, पाण्यात कालवायची, झाली शाई," आई म्हणते. तिचं खरं आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो शाईच्या पुड्या आणि गोळ्यांनीच. छाप घोड्याचा होता. फाउंटन पेनात भरायची तयार शाई त्यांनी नंतर काढली, ती उंटाच्या छापाची, आणि त्या उंटाचंच पुढे कॅम्लिन झालं. आईचं मत असं की माणूस घोड्यावर होता तोवर ठीक चाललं होतं. उंटावर बसला आणि शहाणा झाला.

शहाणं व्हावं लागतं, कारण नुसता निळा आता कुणी विकत नाही. जपानच्या पायलट कंपनीने २००७ मध्ये इरोशिझुकू नावाची मालिका काढली. तिच्यात आभाळाचा निळा वेगळा, चांदण्या रात्रीचा वेगळा, खोल समुद्राचा वेगळा. एक निळा त्सुयुकुसा नावाच्या फुलाचा. एवढं नाजूक नाव धारण करणारं फूल दिसतं तरी कसं म्हणून शोधायला गेलो, तर आपला केना निघाला! सख्खा नाही, चुलत. पण घराणं तेच. पावसाळ्यात गावी बांधावर माजतो तो केना. आई त्याच्या पानांची भजी करते. त्याच्या चुलतभावाच्या फुलाचा रंग पन्नास मिलिलीटरला हजाराच्या वर जातो, हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती गावाकडचा बांध कंपनीला भाड्याने द्यायला निघेल.

सेलर या दुसऱ्या जपानी कंपनीने तर २०१८ मध्ये शंभर रंग एकदम बाजारात आणले आणि नावं पुरेनात म्हणून की काय, नुसते नंबर दिले. त्यातला १२३ नंबर राखाडी, जांभळट की हिरवट, यावरून चांगली शिकलेली, बायकामुलं असलेली माणसं भांडतात. आणि तिघांचंही बरोबर असतं. हेच तर दुखणं आहे.

हे भांडण मिटवायचं तर रंग शेजारी शेजारी लावून बघायला हवेत. कल्पना सोपी. अडचण एवढीच की त्यासाठी पेन धुवावा लागतो. निबखालची जी काळी जीभ असते तिची स्मरणशक्ती घरातल्या वडीलधाऱ्यांनाही लाजवेल अशी. नळाखाली धरा, कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढायच्या पिचकारीने, पाणी ओढा, सोडा, पुन्हा ओढा. पाणी अगदी गंगेचं उगमापाशी असावं तसं निर्मळ येऊ लागतं. समाधानाने पेन कागदी रुमालावर उभा करून झोपावं, तर सकाळी रुमालावर गेल्या महिन्यातला जांभळा. बरं, पुरता वाळायच्या आत नवी शाई भरली तर ती आतल्या पाण्याने पातळ होते, पहिलं पान फिकट उमटतं आणि आपण "या शाईत काही दम नाही" असं म्हणत जिला नावं ठेवतो ती निम्मी महापालिकेची असते.

म्हणून जाणकार मंडळी काचेचा टाक वापरतात. बुडवा, लिहा, पाण्यात खळबळवा, पुसा, पुढची बाटली. काम झटपट होतं, पण टाकाची रेघ जाड आणि ओली. त्यात सगळ्याच शाया खात्यापित्या घरच्या दिसतात. तीच शाई जपानी पेनाच्या बारीक निबमधून आली की उपासाची दिसते. कापसाच्या काडीने पट्टा ओढला तर तिसरंच काहीतरी. मग खरा रंग कुठला? पेनाचा, असं माझं मत. कारण कापसाच्या काडीने अर्ज लिहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कागदाचं तर विचारूच नका. मुलीच्या शाळेच्या वहीत शाई फुटते, अक्षरांना मिशा येतात आणि मागच्या पानावर सगळं उलटं वाचता येतं. टोमोए रिव्हर नावाचा एक जपानी कागद या मंडळींत प्रसिद्ध आहे. वजन चौरस मीटरला बावन्न ग्रॅम, इतका पातळ की उचलताना दोन आले की एक ते कळत नाही. पण तो शाई पीत नाही. शाई वरच पडून राहते, सावकाश वाळते, आणि रंगाचा थर जिथे दाट साचला तिथे निळ्या अक्षरांच्या कडांवर चक्क लाल झळाळी येते. त्याच पेनाने, त्याच बाटलीतून, ऑफिसातल्या झेरॉक्सच्या कागदावर लिहा. लालाचा पत्ता नाही. म्हणजे रंग बघण्यासाठी जो कागद घ्यावा तो शाईपेक्षा महाग, आणि जो परवडतो त्यावर सगळे निळे एकाच आईची लेकरं.

उजेडाचा घोळ आणखी वेगळा. ट्यूबलाइटखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन शाया उन्हात नेल्या की एकमेकींना ओळखत नाहीत. तेव्हा निकाल उन्हातच लावायचा, असा मी नियम केला. नियम केला तो जुलै महिन्यात, ठाण्यात. ढग जरा फाटला की मी हातातलं काम टाकून पानं घेऊन बाल्कनीत धावतो. समोरच्या इमारतीतल्या काकूंना वाटलं मी काहीतरी वाळत घालतोय. त्यांनी हाक मारून सांगितलं, "अहो, आत्ता कसले पापड वाळतायत? मे महिन्यात घालायचे!" आणि हवा अशी दमट की कागदच मुळात ओलसर. शाई त्यावर पसरते, वाळत नाही, आणि ओल्या शाईवर मत देणं म्हणजे अर्ध्या सामन्यात निकाल सांगणं.

वाळली तरी भरवसा नसतो. पेलिकनच्या निळ्याकाळ्या शाईत लोहाचा अंश असतो. लिहिताना ती निळी दिसते, मग हवा लागून लोहाची जी काही प्रक्रिया व्हायची ती होते आणि अक्षर काळपट होत जातं. जुन्या दस्तऐवजांतल्या शायांचा हाच गुण. म्हणजे संध्याकाळी पसंत केलेली शाई सकाळी तीच असेल याची हमी नाही. उलट रॉयल ब्लूचं. तिचा रंग इतका मवाळ की जर्मनीत शाळकरी पोरं ती एका खास पेनाने खोडतात आणि वर पुन्हा लिहितात. मी सगळ्या नमुन्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून बघितलं. रॉयल ब्लूने ताबडतोब शरणागती पत्करली. निळीकाळी, आपला काही संबंधच नाही अशी बसून राहिली.

आता, तुलना करायची म्हणजे काहीतरी लिहावं लागतं. इंग्रजांकडे या कामाला एक तपकिरी कोल्हा नेमलेला आहे, एका वाक्यात तो आळशी कुत्र्यावरून उडी मारत राहतो आणि तेवढ्यात इंग्रजीची सगळी अक्षरं वापरून होतात. मराठी माणसाच्या हाती नवा पेन दिला की तो आधी 'श्री' लिहितो, मग सही करतो आणि मग विषय संपतो. त्यामुळे माझ्या वहीत माझं नाव, पत्ता, पिनकोड आणि सही निळ्याच्या यच्चयावत छटांमध्ये पानोपानी आहे. म्हातारपणी मला विस्मरण झालं तर रस्त्यातून घरी आणून सोडणाऱ्याची उत्तम सोय झाली. बायकोला मात्र इतक्या कोऱ्या पानांवर सह्या केलेली वही उघड्यावर ठेवणं पसंत नाही. ती दागिन्यांच्या कपाटात कुलपात असते. दर वेळी नवा रंग बघायचा तर किल्ली मागावी लागते आणि किल्लीबरोबर "अजून एक आणली?" हा प्रश्न मिळतो.

हातांबद्दल थोडक्यात सांगतो. धुवून जात नाही. डाव्या तर्जनीवर जांभळा डाग घेऊन ऑफिसात गेलो तर लिफ्टमध्ये एकाने आस्थेने विचारलं, "आज कसलं मतदान होतं हो?" मतदानाची शाई ही खरी शाई. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२च्या निवडणुकीपासून आपल्या बोटांना लागतेय, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि उजेडात ती आणखी काळी होते. मुख्य म्हणजे ती एकाच रंगात येते आणि लावणारा अधिकारी "ही बघा, की ही दाखवू?" असं विचारत नाही. मी त्या सहकाऱ्याला पोटनिवडणूक म्हणून सांगितलं. लिफ्टमध्ये १२३ नंबर समजावायला मजले पुरले नसते.

इथवर हा त्रास माझा एकट्याचा होता. त्यात एक प्रकारचा मानही होता. घरात कुणाला काही कळत नाही आणि आपल्याला कळतं, हे सुख लहान नाही. एका संध्याकाळी दोन निळ्यांपाशी माझं घोडं अडलं. चष्मा लावून, काढून, पान तिरकं धरून झालं. बायको हातात आमटीची पळी घेऊन मागून डोकावली.

"हे दोन एक नाहीत," ती म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. वेगळ्या कंपन्यांच्या आहेत."

"कंपनी राहू दे हो. याच्या पोटात लाल आहे. आणि हा हिरवा मारतोय."

"पोटात?"

"हा चिंतामणीकडे जातो. हा तुमचा दुसरा, हा मोरपंखी आहे, पण विटका. कितीला घेतलात?"

मी किमतीचा प्रश्न ऑप्शनला टाकला आणि शास्त्राकडे वळलो. टीपकागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही शायांचे ठिपके दिले आणि खालची टोकं पाण्यात धरली. पाणी चढू लागतं तसे शाईतले रंग आपापल्या वेगाने वर निघतात आणि सुटे होतात. पहिल्या पट्टीत निळ्यातून गुलाबी बाहेर पडला. दुसरीत हिरवट पिवळा. रसायनशास्त्राला अर्धा तास लागला ते तिने आमटी उकळायच्या आत सांगितलं होतं.

मग कळलं की हे शिक्षण फार जुनं आहे. साडीच्या दुकानांत, गाद्यांवर, पंचवीस वर्षं चाललेलं. मी त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोबाइल बघत असे, त्यामुळे अभ्यासक्रमाची कल्पना नव्हती. जपानी कागदावरची लाल झळाळी दाखवून मी तिला चकित करायला गेलो, तर ती म्हणाली, "धूपछाव. उभा धागा निळा, आडवा लाल. त्यात काय एवढं?" चार दिवसांत तिने माझ्या सगळ्या पट्ट्यांना नावं दिली. राखाडीला पारवा, तपकिरीला आमसुली. हिरवी, जिच्यासाठी सहसचिव व्हावं लागतं, तिला शेवाळी म्हणून निकालात काढलं. आणि सगळ्या बघून झाल्यावर ते वाक्य आलं, जे मी आजवर फक्त खुर्चीवरून ऐकलं होतं: "यातला एकही मनासारखा नाही. दुकानात जाऊन बघू या."

फोर्टातलं पेनांचं दुकान अरुंद आहे. एरवी मी तिथे जातो, शेल्फातली बाटली बोटाने दाखवतो, पैसे देतो आणि निघतो. दुकानदाराला माझी सवय आहे. आज त्याने बाटली काढली तर ही म्हणाली, "बाटलीवरचा रंग नको, कागदावर दाखवा." त्याने नमुन्यांची वही काढली. "ही ट्यूबलाइट आहे, बाहेर उजेडात बघते." वही घेऊन ती फुटपाथवर गेली. मागोमाग दुकानदार गेला, वहीच्या काळजीने. परत आल्यावर "यात अजून दाखवा ना, इतका गडद नको, आणि पोटात लाल हवा" असं म्हटल्यावर त्याने एकवार माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता मागचं स्टूल ओढून दिलं. पोऱ्याने पाण्याचा ग्लास आणला. मी बसलो. मोबाइल काढला.

काउंटरवर निळ्यांचा ढीग झाला होता. तिने त्यातून एक वेगळी काढली, डोळे बारीक करून पाहिली आणि विचारलं, "रंग पक्का आहे ना?"

दुकानदार जाणकार माणूस. "नाही वहिनी. हा पाणी लागलं की जाणार. पक्का हवा तर निळाकाळा घ्या, तो दाखवू?"

"नको, हाच बरा आहे," ती म्हणाली. "पण कच्चा आहे म्हणता, मग कमी करा थोडे."