मुलाची नजर आपोआप जमत नाही

कथेत हलाखीची गोष्ट लहान मुलाच्या तोंडून आली की वाचकाला आपोआप भिडते, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं आहे. ७ वर्षांच्या निवेदकाला कर्ज कळत नाही. दार वाजलं की बाबा मागच्या खोलीत जातात आणि आई 'घरी नाहीत' म्हणते, एवढंच त्याला दिसतं. तिथे 'ओढगस्त' असा शब्द आला की मागून लेखक बोलतोय हे उघड होतं. तोच दाराचा प्रसंग १२ व्या वर्षी पुन्हा घ्यावा: आता कुणी न सांगता मुलगाच 'घरी नाहीत' म्हणतो. वय वाढल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. आणि आई नुसती सोसणारी नको (हा रोग फार जुना!). तिला चिडू द्या, एखाद्या मुलाला झुकतं माप देऊ द्या.