मोठ्यांचा तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात आरशासमोर दोघांची सजावट चालली होती. एक माझ्या भाच्याचा लाकडी बैल आणि दुसरी मी. त्याच्यावर झूल चढत होती, माझ्यावर ब्लेझर. त्याच्या शिंगांना ताई बेगड चिकटवत होती, माझ्या केसांत आई पिना खोचत होती. संध्याकाळी भाचा तो बैल ओढत गल्लीत घरोघरी फिरला आणि ३४० रुपये बोजारा घेऊन आला. मी सुट्टीच्या दिवशी कॉलेजात जाऊन मॉक इंटरव्ह्यू देऊन आले. तेव्हापासून आजवर पाच कंपन्यांपुढे सजून उभी राहिले आहे. माझा एकूण बोजारा: एक डायरी, एक पेन आणि तीन समोसे.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नागपुरात मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेला लाकडाचा बैल सजवायचा, दारोदार न्यायचा, आणि लोक कौतुकानं हातावर जे ठेवतात तो बोजारा. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला जी प्लेसमेंट होते ती हीच, फक्त बैलाला पॉवरपॉइंट येतं.

झूल मिळवण्यापासूनच हाल सुरू झाले. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मेनरोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, पण मुलींच्या मापाचा साधा काळा ब्लेझर मिळेना. मिळाले त्यांवर मोती होते. शेवटी महाल भागातल्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी टेप गळ्यात अडकवत विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, नोकरीसाठी पाहिजे. ते जरा विचारात पडले. "मग जेंट्सचाच करून देतो कमी." कमी केला तो त्यांनी खालून, खांदे तसेच राहिले. तो घालून मी दारातून शिरते तेव्हा आधी खांदे येतात, मग मी. त्यावरून चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून ॲक्टिवावर निघाले की सिग्नलवरची माणसं आदरानं जागा देतात. चंबळची एखादी मॅनेजर चालली असावी असा त्यांचा समज होत असेल.

कॉलेजात रोज रात्री साडेअकराला प्लेसमेंट कमिटीचा व्हॉट्सॲप मेसेज येतो: उद्या नऊला सेमिनार हॉल, फॉर्मल्स, काळे शूज, हजेरी अनिवार्य. कंपनीची माणसं साडेदहाला येतात आणि तासभर आपण किती वेळ पाळणारे आहोत ते सांगतात. मग ॲप्टिट्यूड टेस्ट. त्यातली आगगाडी एक खांब नऊ सेकंदांत ओलांडते आणि तिची लांबी काढायची असते. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग आमच्याच स्टेशनाजवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे आगगाड्यांचा अनुभव आम्हाला दांडगा. पण तो आउटरला उभ्या असलेल्या गाड्यांचा. तिथं गाडीपेक्षा खांबच पुढे सरकतो असं वाटायला लागतं.

ग्रुप डिस्कशनबद्दल, म्हणजे जीडीबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. कॉटन मार्केटमध्ये पहाटे मेथीचा लिलाव ऐकला असेल तर तेच, इंग्रजीत, आणि शेवटी मेथी कोणालाच मिळत नाही. आम्हाला विषय होता 'निळा'. फक्त निळा. बारा जणांनी पंधरा मिनिटं एकमेकांना 'माय फ्रेंड' म्हणत खाल्लं. बाहेर आल्यावर एक मित्र म्हणाला, "यंदा मारबतीत जीडीचा बडग्या पाहिजे होता बे." मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, आणि बडग्या म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टीचा त्यातला पुतळा. काळी मारबत १८८१ पासून गावातली ईडा पीडा घेऊन जाते म्हणतात. जीडी तेवढी दरवर्षी कशी मागं राहते कोण जाणे.

खरी परीक्षा 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नाची. त्यासाठी कॉलेजनं सॉफ्ट स्किल्सचे एक सर बाहेरून आणले. मी उभी राहून म्हटलं, "आय ॲम बिलाँगिंग टू नागपूर, आय ॲम हॅविंग वन सिस्टर, आय ॲम लाइकिंग मार्केटिंग." सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तू मराठीत विचार करतेस, आणि तोही नागपुरी." निदान अचूक होतं. जो माणूस जन्मभर खाऊन राहिला, जाऊन राहिला, झोपून राहिला, तो इंग्रजीत गेल्यावर एकदम 'आय ईट' कसा म्हणेल? आमच्या सगळ्या क्रिया चालूच असतात, संपत नाहीत.

दुसरा धडा आपल्या दोषाचा. तो असा सांगायचा की गुण वाटला पाहिजे. आमच्या वर्गातल्या साठही जणांनी 'मी परफेक्शनिस्ट आहे' हाच दोष निवडला. त्यातल्या एकानं दाढी अर्धीच केली होती. मी खरा दोष सांगू का विचारलं. "पाच मिनिटांत येऊन राहिली" असं मी फोनवर म्हणते तेव्हा अंघोळीचं पाणी तापत असतं. सर म्हणाले, हा नको.

तरीही एका गोष्टीत मी मनापासून रमले, ती म्हणजे गेसटिमेट. आकडेवारी हाताशी नसताना अंदाजानं गणित मांडायचं. मुंबईत किती न्हावी, दिल्लीत किती पेट्रोलपंप, असलं काहीतरी विचारतात. मी सरावाला आपला प्रश्न घेतला: नागपुरात रोज तर्रीपोह्यांच्या, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा ओतलेल्या पोह्यांच्या, किती प्लेट खपतात?

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. सोयीसाठी २४ धरली. दहातला एक जण सकाळी बाहेर पोहे खातो असं मानलं, म्हणजे २ लाख ४० हजार प्लेट. शहरात दोन हजार ठेले असतील, तर दर ठेल्याला १२० प्लेट. वहीत उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, पण करमेना. खरं-खोटं करायला पाचव्या कंपनीच्या दिवशी सकाळीच आमच्या चौकातल्या ठेल्यावर गाडी थांबवली.

"भाऊ, दिवसाला किती प्लेटा जाते तुमच्या?"

"प्लेटा कोण मोजते मॅडम? दहा किलो पोहे भिजवतो. संपले का घरी."

"अन् किलोत किती प्लेटा होते?"

"बारा होते."

दहा गुणिले बारा! मी ठेल्यासमोर जवळजवळ उडीच मारली. आजवर कुठल्याही परीक्षेत माझं उत्तर असं तंतोतंत आलेलं नाही. भाऊंनी शांतपणे झारा आपटला. "पण रविवारी दुप्पट लागते, अन् एकादशीले अर्धे बी नाही खपत." एकादशी! एवढी पुस्तकं पालथी घातली, त्यात बाजारपेठेवर परिणाम करणारे पाच घटक आहेत, पण एकादशी कुठंच नाही. या आनंदात मी एक प्लेट मागितली आणि सवयीनं म्हणून गेले, "तर्री ज्यादा."

पुढचं सांगायला नको. हरभऱ्याचा एक दाणा चमच्यावरून निसटला, रश्श्यात पडला, आणि पांढऱ्या शर्टावर तिसऱ्या बटणाशेजारी तर्रीचा अख्खा विदर्भ उमटला. भाऊंनी मीठ लावायला सांगितलं, बाजूच्या काकांनी लिंबू, आणि दोन्ही लावल्यावर त्याला तेलंगणाही जोडला गेला. घरी जायला वेळ नव्हता. ब्लेझरची सगळी बटणं लावली आणि मनाशी ठरवलं, आज हा सुटणार नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. इंटरव्ह्यूच्या खोलीतला एसी होता, पण तोही प्लेसमेंटच्या शोधात असावा, फक्त आवाज करत होता. समोरच्या दोघांनी आपापले कोट खुर्चीला अडकवले होते. त्यातले वडीलधारे माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाले, "प्लीज, ब्लेझर काढून आरामात बसा."

"नो सर, आय ॲम व्हेरी कम्फर्टेबल."

माझ्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला येऊन थांबला होता. त्यांनी पाणी दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा कम्फर्टेबल. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा आवाजात काळजी होती. प्रश्न साधे होते. माझ्यात वेगळं काय आहे, असं विचारलं. मला फक्त तिसरं बटण आठवत होतं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असंही विचारलं. एखाद्या गार जागी, असं म्हणणार होते, पण 'लीडरशिप रोल' म्हणाले. गेसटिमेट विचारलंच नाही. १२० आकडा जिभेवर घेऊन मी बाहेर आले.

निकाल लागायचा होता, पण घरी बाबांनी पगाराची फाळणी आधीच सुरू केली होती. बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. मध्यंतरी मी त्यांना बीसीजी मॅट्रिक्स समजावून सांगितली होती, की काही धंदे दुभत्या गाईसारखे असतात आणि काही नुसते पैसे खातात, पुढे काय होतील कळत नाही, त्यांना क्वेश्चन मार्क म्हणतात. बाबांनी शैक्षणिक कर्जाचं पासबुक मिटत विचारलं होतं, "म्हणजे तू?"

तर नोकरी पुण्यात आणि कंपनीचं पॅकेज वर्षाला साडेसहा लाख. जॉब डिस्क्रिप्शनच्या शेवटच्या पानावर त्याचे तुकडे दिले होते. बाबांनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली.

"हे एक लाख व्हेरिएबल म्हणजे?"

"काम चांगलं झालं तर मिळते."

"म्हणजे नाही." एक लाख गेले. "हे ३१,२०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ. तो पण तुझ्याच पॅकेजात? बरं." गेले. "१२,००० विमा. अन् ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, १२,५०६." हे बाबांना पाठच आहे: पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. "पाच वर्षं टिकली तर हातात पडते ही. म्हणूनच विचारते ते, पाच वर्षांनी कुठं असशील!"

इंटरव्ह्यूच्या सगळ्या तयारीत या प्रश्नाचं इतकं सरळ स्पष्टीकरण मला कोणी दिलं नव्हतं.

महिन्याला ४१,१९१ उरले. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ २,६०० गेला, व्यवसाय कर २०० गेला, "अन् फेब्रुवारीत ३००," असं बाबांनी बजावून सांगितलं. पत्रिकेवर 'आपले आगमन प्रार्थनीय' दिसत होतं त्याच्या पाठीमागं ३८,३९१ हा आकडा आला. पुण्याचं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता त्यांनी अजून धरलाच नव्हता. आईनं तेवढ्यात तिथं पोहे किती रुपये प्लेट आहेत ते विचारून घेतलं, आणि तर्री नसते कळल्यावर तिनं त्या शहराचा विषयच सोडला.

भाचा जमिनीवर बैलाचं निघालेलं चाक बसवत होता. त्यानं मान वर केली. "मावशी, तुले किती बोजारा भेटला?"

"अजून त्यांनी दारच नाही उघडलं रे," बाबा म्हणाले.

"मग बेल वाजवा ना."

साडेअकराला फोन वाजला. उद्या नऊला सेमिनार हॉल, फॉर्मल्स, काळे शूज. शर्ट बादलीत भिजत पडला होता. डाग आता संत्र्याच्या रंगाचा झाला होता. आई म्हणाली, ब्लेझर आहेच की.